सासूबाई बोलायला लागल्या

माझ्या सासूबाईंची आणि माझी शेवटची भेट नेरूळच्या एका दवाखान्यात झाली. संध्याकाळी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी फाइल चाळली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांना नक्की कुठे त्रास होतोय?" मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून आवाज आला, "डॉक्टर, दुखतंय मला. तुमी इचारताय त्यांना." डॉक्टर ओशाळून हसले आणि त्यांच्याकडे वळले. मग सासूबाईंनी गुडघ्यापासून सुरुवात करून छातीपर्यंत यायला इतका वेळ घेतला की बाहेर नर्सबाई दोनदा डोकावून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाशीला मार्केटमधल्या ऑफिसात होतो, तेव्हा माझ्या बायकोचा, सुनीताचा फोन आला. "आई गेली," एवढंच ती म्हणाली. सुनीता मुळातच कमी बोलते.

या गोष्टीला दीड महिना झाला. पण सासूबाईंची, म्हणजे गयाबाईंची आठवण काढताना मला रडण्याऐवजी हसूच येतं, आणि त्याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सासरे वारल्यावर आम्ही त्यांना लातूरकडच्या गावाहून नेरूळला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. आल्या आल्या ताप चढला म्हणून मी त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, आजी?" सासूबाईंनी उत्तर कोण देतंय हे पाहायला सवयीने उजवीकडे मान वळवली. संसारभर उजवीकडे सासरे बसत आणि "हिचं डोकं दुखतंय," असं तेच सांगत. आता तिथे रिकामं स्टूल होतं... त्या बराच वेळ त्या स्टुलाकडे बघत राहिल्या. रात्री जेवता जेवता म्हणाल्या, "जावईबापू, मला बोलाया शिकायचंय."

"आई, तुम्ही बोलताय की."

"हे न्हवं. चार मान्सांत. उभं ऱ्हाऊन."

तेव्हापासून आमच्या घरात सभा भरू लागल्या. मी बातम्या लावून बसलो की त्या पदर खोचून टीव्हीसमोर उभ्या राहत. "तुमी मान्सं व्हा," म्हणत. मी माणसं होत असे. मग त्या शेगडीवरच्या कुकरइतक्याच धापा टाकत दोन वाक्यं म्हणत आणि घाम पुसत. एकदा माझा डोळा लागला, तर त्यांनी उठवलं. "सभा झोपत नसती."

"आई, तुम्ही आमच्या सोसायटीची सभा पाहिली नाहीये," मी म्हणालो. सुनीता आतून हसली. तीही माणसं व्हायची, पण दाराआडून.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन असतं, मग भाषणं, मग पोहे. सेक्रेटरींनी "कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" असं रिवाज म्हणून विचारलं आणि सासूबाई उठल्या. माइकसमोर गेल्या. "नमस्कार," म्हणाल्या. मग थांबल्या... पाठ केलेलं सगळं उडालं असावं. शेवटी त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोहे गार होतायत." आणि येऊन बसल्या. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. मला वाटलं, आता पुन्हा नाव काढणार नाहीत. पण घरी येऊन म्हणाल्या, "पडले न्हाई ना कुठं?" पंधरा ऑगस्टला त्या पोह्यांच्या आधी आणखी चार वाक्यं बोलल्या. पुढे भाषण वाढत गेलं आणि पोहे खरोखरच गार होऊ लागले.

त्यांना एकच गोष्ट जमत नव्हती, लिफ्ट. "दार लावून घेतंय आन् कुठं नेतंय ते दिसत न्हाई," अशी त्यांची तक्रार होती. चार मजले जिन्यानेच चढायच्या. दुसऱ्या मजल्यावर बसून दम घ्यायच्या. एक दिवस घरी येऊन म्हणाल्या, "जिन्यात जत्रा का भरलीय?" सोसायटीने लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता, की घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा. आमच्याकडे काम करणारी कविता सुजलेला गुडघा धरून दुसऱ्या मजल्यावर त्यांच्याशेजारीच टेकली होती.

पुढच्या रविवारच्या सभेत अध्यक्ष लिफ्टवरचा लोड समजावून सांगत होते. सहा फुटी, सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्यापुढे उभं राहिलेलं माणूस सहसा आपोआप खाली बसतं. सासूबाईंनी माइक मागितला. सुनीताने त्यांचा पदर ओढला. तो सोडवून त्या गेल्या.

"मी लिफ्टमधी कदी चढले न्हाई," त्या म्हणाल्या. "मला भ्या वाटतं. म्हंजे माझ्या वाटची जागा रोज रिकामी जाती. ती कविताला द्या."

लोक हसले. अध्यक्षही हसले. "तसं नसतं हो, आजी."

"मग कसं असतं, सांगा. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला, पाणी प्यायलं. त्या उभ्याच. मागून कुणीतरी म्हणालं, "काढून टाका ना तो कागद." संध्याकाळी कागद निघाला.

दुसऱ्या दिवशी कविताने लिफ्टचं दार धरून ठेवलं. "चला, आजी."

"मी माझी जागा तुला दिली की."

"जागा नको मला. शेजारी उभ्या राहा."

डोळे मिटून, कविताचं मनगट आवळून त्या वर आल्या. दार उघडलं तसा एक डोळा उघडला. "आलं? येवढंच?" म्हणाल्या, आणि कविताला कामाला उशीर होत असताना तिला घेऊन पुन्हा खाली गेल्या.

त्या गेल्यानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तिथला माइकचा स्टँड सासूबाईंच्या उंचीला बसवलेला होता, म्हणजे अध्यक्षांच्या पोटापाशी. कधीतरी त्यांच्यासाठी खाली केला आणि पेच तसाच गंजला. अध्यक्षांनी फिरवून पाहिला, सेक्रेटरींनी पाहिला, हलेना. मग अध्यक्ष कमरेवर हात ठेवून वाकले आणि वाकूनच चांगलं बोलले. त्यांच्यामागून जो आला तो वाकला. कविता म्हणाली, "आजी असत्या तर म्हणाल्या असत्या, जरा खाली बघा."

शेवटी सेक्रेटरींनी विचारलं, "घरच्यांपैकी कुणी?" मी उठणार होतो, तर शेजारची खुर्ची सरकली. सुनीता चालत जाऊन माइकसमोर उभी राहिली. अंगकाठी सगळी आईची. तिला वाकावं लागलं नाही. "नमस्कार," म्हणाली आणि गप्प झाली... आम्ही बसून राहिलो. घाई कुणालाच नव्हती.