दोन किलोंची जागा

जेद्दाला लेकीकडे निघाले तेव्हा मी बॅग अर्धीच भरली. लेकीने फोनवर विचारलं, "एवढंच सामान?" मी म्हटलं, "परत येताना जागा लागेल." आईला खरेदी करायची असेल, असं तिला वाटलं. मी तसं वाटू दिलं. लोकांना हवं ते वाटू देणं ही माझी जुनी खोड आहे.

अकरा वर्षं मी सौदीत, यान्बूच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. तांबड्या समुद्राकाठचं कारखान्यांचं गाव ते. नवरा लवकर गेला, लेक कराडजवळ माझ्या आईकडे वाढत होती आणि मी तिथे परक्यांच्या आयांना सलाईन लावत होते. समोरच्या दारात रत्नागिरीकडचं एक जोडपं राहायचं. तो बंदरावर क्रेन चालवायचा, त्याला मी भाई म्हणायची आणि ती भाभी. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ, पण हाताला अशी चव की बोलणी खाऊनही माणसाने जेवायला बसावं. शुक्रवारी ती तिच्या दारातून "ये गो" म्हणून ओरडायची, की मी हजर.

तिथे आपल्या लोकांत एक रीत होती. गावी निघालेल्याने प्रत्येक घरासाठी बॅगेत दोन किलोंची जागा ठेवायची. निघायच्या आधीच्या आठवड्यात पुड्या यायला लागायच्या, वर मार्करने नाव आणि गाव लिहिलेल्या. नाही म्हणायचं नाही. माझ्या आईचं कानाचं मशीन भाईंनी असंच नेलं होतं. रत्नागिरीहून एसट्या बदलत आमच्या गावात गेले, आईच्या कानात ते बसवलं, तिला ऐकू येतंय याची खात्री केली आणि मगच चहाला हात लावला. वर्षाच्या एका महिन्याच्या सुट्टीतले दोन दिवस त्यांनी त्यात घालवले.

सहा वर्षांपूर्वी लेकीचं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडून कायमची निघाले. आदल्या दिवशी भाभी एक पुडी घेऊन आली. पांढरं सुती कापड, नीट घडी घातलेलं, अत्तराचा वास येत होता. उमऱ्याच्या यात्रेला मक्केला गेली होती तेव्हा तिने ते तिथल्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून वाळवलं होतं.

"अम्मीचं कफन आहे," ती म्हणाली. अम्मी म्हणजे तिची सासू. "कधीपासून मागतेय. दुसऱ्या कुणाकडे देववेना. तू दे तिच्या हातात."

मी हो म्हटलं. पुडी बॅगेत ठेवली. रुखवतासाठी घेतलेल्या चादरींवर, जावयाच्या घड्याळाच्या डब्याशेजारी. आणि रात्रभर मला झोप लागली नाही.

मी नर्स आहे. किती मृतदेहांना या हातांनी शेवटची अंघोळ घातली, याची गणती नाही. अंधश्रद्धा म्हणून पेशंटच्या नातेवाइकांना झापणारी बाई मी. पण लेकीच्या लग्नाच्या सामानात कफन, हे काही केल्या डोक्यातून जाईना. सकाळी वजनकाट्यावर बॅग दीड किलो जास्त भरली आणि मला निमित्त सापडलं. घड्याळाचा जड डबा काढता आला असता. मी कापड काढलं. खाली गाडीवाला हॉर्न देत "यल्ला, यल्ला", चला, चला, करत होता. रिकाम्या कपाटाच्या खालच्या खणात, वर्तमानपत्राखाली मी ते सारलं. हॉस्पिटलची माणसं घर साफ करतील तेव्हा जाईल कुठेतरी, म्हटलं. मग समोरच्या दारात जाऊन, हॉस्पिटलच्या माणसांना द्यायला म्हणून भाभीच्या हातात चावी दिली, तिच्या गळ्यात पडले आणि रडलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "पोचलीस ना गो? ऐक, ते कापड..." मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "भाभी, कसं सांगू, माझी एक बॅग एअरपोर्टवर हरवली. त्यातच होतं ते." तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊ दे. काय करणार." माझा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं ते.

पुढे फोन कमी झाले. मी लग्नाच्या गडबडीवर ढकललं, मग लेकीच्या बाळंतपणावर. रत्नागिरी काही परदेशात नव्हती. एकदा जाऊन त्या म्हातारीच्या पाया पडले असते तरी चाललं असतं. गेले नाही. मग जावयाला जेद्दाला नोकरी लागली, मला व्हिजिट व्हिसा मिळाला, आणि आता खरं सांगून टाकायचं असं मी ठरवलं. सांगायचं, माफी मागायची आणि म्हणायचं, भाभी, बॅग रिकामी ठेवलीय, काय द्यायचं ते दे.

शुक्रवारी सकाळी जावयाने मला गाडीने यान्बूला नेलं. बरोबर कोकमं आणि कुळथाचं पीठ घेतलं होतं. दार भाभीनेच उघडलं. "या, ताई. बसा," ती म्हणाली. सहा वर्षांनी भेटतोय, म्हणून तुम्ही-आम्ही करत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

भाईंचे केस पांढरे झाले होते, बाकी माणूस तोच. मासे होते, तांदळाची भाकरी होती, माझ्या आवडीची सांदणं होती. जेवता जेवता ते म्हणाले, "अम्मी गेल्या वर्षी गेली. तुम्हाला कळवायचं राहिलं."

घास माझ्या हातातच राहिला.

"तुम्ही दिलेल्या कफनातच गेली," ते म्हणाले. "तुम्ही ते द्यायला आलात तेव्हा ही गावी होती, मला सांगितलं हिने. लेकीचं लग्न आटोपून तुम्ही स्वतः रत्नागिरीला येऊन देऊन गेलात. अम्मी शेवटपर्यंत दुवा द्यायची. नर्सबाईंच्या पोरीचा संसार सुखाचा होऊ दे म्हणायची."

माझ्या पोरीचा संसार. मी भाभीकडे पाहिलं. ती जावयाला मासा वाढत होती.

जेवणं झाल्यावर मी भांडी उचलून तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. "भाभी, बॅग हरवली नव्हती," मी म्हटलं.

"माहीत आहे." तिने नळ सोडला. "तुम्ही गेल्यावर झाडू मारायला गेले होते. राहतं घर केरासकट कसं परत द्यायचं? वर्तमानपत्र उचललं तर खाली ते."

"मग फोनवर..."

"फोन त्यासाठीच केला होता. म्हटलं, विसरली असेल, गावी जाऊन बॅगेत शोधत बसेल, जिवाला लावून घेईल. सांगायचं होतं, घाबरू नको, माझ्याकडे आहे. कापड मांडीवर घेऊन बसले होते मी."

मला मान वर करवेना. लाज वाटली, एवढं म्हणून ते पुरतं सांगता येत नाही. सहा वर्षं मी जे लपवत होते, ते तिने पहिल्याच दुपारी पाहिलं होतं, आणि वर मी तिला खोटं ऐकवलं होतं.

"पोरीचं लग्न होतं, मन कचरलं असेल. ते कळतं मला," ती म्हणाली, आणि तेवढ्यापुरती पुन्हा पूर्वीसारखी बोलली. "तोंडावर सांगितलं असतंस तर मीच परत घेतलं असतं गो."

"भाईंना का नाही सांगितलं?"

"सुट्टीत मीच नेऊन दिलं अम्मीला, तुमचं नाव सांगून. पण तुमच्यासाठी नाही लपवलं. ते अजून सगळ्यांच्या पुड्या नेतात. त्यांचं मन कशाला मोडू?"

मी माफी मागितली. ती "हं" म्हणाली आणि ताट विसळायला लागली.

निघताना भाई आतून एक पुडी घेऊन आले. मार्करने नाव लिहिलेली. "ताई, चिपळूणच्या बहिणीला गुडघ्याचे पट्टे पाठवायचेत. दोन किलोसुद्धा नाहीत. तुमच्या हातून गेले की मला काळजी नाही."

मी हात पुढे केला होता.

"नको," भाभी मागून म्हणाली. "ताईंची बॅग भरलीय."

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. जेद्दाला लेकीच्या खोलीत माझी बॅग अर्धी रिकामी पडली होती.

"हो," मी म्हटलं. "भरलीय."

"मग राहू दे," ते हसून म्हणाले आणि पुडी परत टेबलावर ठेवली. "तुमच्यासारखं भरवशाचं माणूस मिळालं की पाठवेन."