मोगऱ्याच्या उदबत्त्या

भामरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. सिल्वासातल्या आमच्या मराठी शाळेत ते गणित शिकवत. मूळचे धुळ्याकडचे, नरोलीत भाड्याने राहत. दीड महिना झाला. त्यांच्याविषयी शाळेच्या अंकासाठी लिहायला बसलो की आधी माझाच हात दिसतो... उदबत्ती पेटवणारा.

त्यांना स्वादुपिंडाचा जुना आजार होता. शिक्षकांचं स्वच्छतागृह ग्रंथालयाला लागून. मधल्या सुट्टीत डबा खाऊन सर तिकडे जाऊन आले की वास माझ्या टेबलापर्यंत यायचा. मी उदबत्ती लावायचो. बोललो कधीच नाही, फक्त लावायचो. एके दिवशी त्यांनीच मोगऱ्याच्या उदबत्त्यांचा पुडा माझ्यापुढे ठेवला. "तुमच्या संपत आल्या असतील, सर." मी म्हणालो, "बरं केलंत." त्यानंतर वास थांबला. मला वाटलं, औषध लागू पडलं.

शेवटची भेट हॉस्पिटलात. आवाज बसला होता, पण वर्गात समजावावं तसं सांगत होते, "स्वादुपिंडाचा पाचक रस कमी पडतो. तेल-तूप न पचता पुढे जातं, आणि आतड्यातले जंतू त्याच्यावर पंगत मांडतात. डॉक्टर म्हणे, या आजारात जंतूंची वस्तीच बदलून जाते. म्हणजे आपली नरोलीच की ओ! गावकरी थोडे, भाडेकरू फार." स्वतःच हसले. मग हळूच म्हणाले, "वास त्याचा असतो, सर." मी त्यांची उशी सारखी करत राहिलो. माफी मागायला तेवढा वेळ पुरला असता...

दहाव्यानंतर सरांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "शाळेतून डबा भरलेलाच परत यायचा ओ. मी रागवायची. म्हणायचे, तिथे पोट बिघडलं तर लोकांना त्रास. कॅप्सूल जेवणासोबतची, तीपण राहून जायची. रविवारी मात्र नीट जेवायचे."

"कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं."

पुड्यालाही तेवढीच झाली होती. डब्यापायी ते गेले असं कुणी डॉक्टर म्हणाले नाहीत. पण ते वाळत चालले होते, आणि मी त्यांना एकदा म्हणालोही होतो, "बारीक झालात, छान दिसता." वहिनींना त्या दिवशी काही सांगू शकलो नाही. आता त्या इथे वाचतील.

पुडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की पुसटसा मोगरा येतो. अजून फोडलेला नाही. त्याची गरजच पडली नव्हती.