रविवारची हवा

आई गेल्यावर बाबा कांजूरमार्गच्या घरात एकटे राहू लागले आणि मी बोरिवलीहून दर रविवारी डबा घेऊन त्यांच्याकडे जायला लागले. कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा आला की घरभर वास भरायचा. बाबांचा खोकला वाढत चालला होता. मी म्हणायचे, माझ्याकडे राहायला चला. ते म्हणायचे, "हयली हवा झकास आसा गो!" मी शाळेत मुलांना पर्यावरण शिकवते, पण बापाशी वाद घालताना माझं सगळं ज्ञान कुठल्या कुठे जातं आणि नुसता आवाज चढतो.

शेवटी ठरवलं, आता आकडेच बोलतील. पर्यावरणाच्या अभ्यासाला लागणारं संख्याशास्त्र शिकवणारे छोटे ऑनलाइन कोर्स असतात. एक केला, मग दुसरा. चाळिशी उलटल्यावर पोळ्या लाटता लाटता कानात प्रमाण विचलन! पहिल्या धड्यात सरासरीवर माझा विश्वास बसला आणि दुसऱ्या धड्यात तो उडालाही.

कोर्सच्या शेवटी स्वतः काहीतरी मोजून प्रकल्प करायचा होता. मी हवेतली धूळ मोजणारी दोन छोटी यंत्रं आणली. एक माझ्या खिडकीत ठेवलं, दुसरं बाबांच्या. दोन्हींचे आकडे वायफायवरून माझ्या लॅपटॉपवर यायचे.

काही आठवड्यांनी सरासरी काढली आणि हादरलेच. बाबांची हवा माझ्यापेक्षा स्वच्छ! खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला मात्र रडू आलं, कारण मला त्यांना घरी न्यायचं होतं आणि आता माझेच आकडे त्यांच्या बाजूने बोलत होते.

मग सरासरी बाजूला ठेवून दिवसांप्रमाणे आलेख काढला. आठवडाभर रेघ तळाला चिकटलेली. रविवारी मात्र मी पोहोचायच्या सुमारास ती उभी चढायची आणि मी निघाले की पुन्हा खाली यायची. म्हणजे बोरिवलीहून डब्यातून धूळ मी नेत होते की काय?

एका बुधवारी शाळा सुटल्यावर, फोन न करता, तशीच कांजूरला गेले. बाबांनी दार उघडलं. खिडकीतलं यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावून ठेवलं होतं. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटही असाच असतो.

"धूळ बसता ना गो," बाबा म्हणाले. "म्हागाची वस्तू. तू येतंस तेव्हा पिशवी काढतंय."

"अहो बाबा, ते धूळच मोजायला ठेवलंय!"

मी कपाळाला हात लावला, मग हसू आवरेना. बाबाही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले. त्यांची पाठ किती बारीक झाली होती, ते मला तेव्हा कळलं आणि फार भीती वाटली.

पिशवी काढली. पुढच्या आठवड्यांत त्यांचा प्रत्येक दिवस रविवारसारखाच निघाला. मग मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसले. खालची रेघ बोरिवलीची, वरची कांजूरची. त्यांनी नाही म्हटलं तर काय बोलायचं, याची सगळी तयारी करून आले होते. घसा खाकरून सुरुवातही केली.

बाबांनी चष्मा लावला आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "ह्यातलो आयतवार खंयचो?"

मी रविवार दाखवला.

"ह्या दिवशी तू हय असतंस."

"हो. पण बाबा, मुद्दा तो नाही..."

 बाबा चष्मा काढून म्हणाले, "येतंय मी तुझ्याकडे. नायतर तू दर आयतवारी ह्या हवेत येत ऱ्हवतलंस."