बाईंचा तास

आमच्या एक्स-रे बाई चिडल्या की त्यांची भाषा बदलायची. एरवी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना त्या छापील मराठी बोलत. पारा चढला की नगरच्या अकोले तालुक्यातलं डोंगराळ माहेर थेट जिभेवर यायचं. 'आहे'चं 'हाय' झालं की आम्ही मुकाट वह्या उघडायचो. आणि बाई चिडायच्या रोज. तेव्हा वाटायचं, स्वभावच तापट. आता स्वतः शिकवताना कळतं, त्यांना चिडायला कारणंच तेवढी होती.

तरुणपणी त्यांनी पुण्यात राहून दूरच्या दीर्घिकांमधून येणाऱ्या क्ष-किरणांचा अभ्यास केला होता; 'एक्स-रे बाई' हे नाव त्यावरूनच. आई अंथरुणाला खिळली म्हणून त्या नगर जिल्ह्यात परतल्या आणि इथेच राहिल्या. अभ्यास मात्र सोडला नाही. हवा क्ष-किरण अडवते, म्हणून ते पकडणाऱ्या दुर्बिणी अवकाशात असतात. त्यांनी टिपलेली निरीक्षणं काही काळाने सगळ्या जगाला खुली होतात. ती उतरवून घेऊन बाई कॉलेजच्या एकुलत्या एका बऱ्या कॉम्प्युटरवर तपासत बसायच्या. संस्थेचे अध्यक्ष एकदा प्रयोगशाळेत आले, पडद्यावरचे ठिपके बघून हसले आणि याचा आपल्या उसाला काय उपयोग, असं त्यांनी विचारलं.

"उसाला काहीच न्हाई," बाई म्हणाल्या. "पन उसाचा तरी पोरांच्या डोक्याला काय उपयोग हाय?"

आठवड्याभरात तो कॉम्प्युटर ऑफिसात गेला. बाईंनी घरून स्वतःचा लॅपटॉप आणला.

कृष्णविवर सगळं गिळतं, असं कोणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. गिळायच्या आधी वायू त्याच्याभोवती गरगरतो, भयंकर तापतो आणि त्यातून क्ष-किरण सुटतात. काही माल तर ते इतक्या जोराने बाहेर भिरकावतं की आसपासच्या दीर्घिकांदरम्यानच्या तप्त वायूत पोकळ्या पडतात. "जेवढं खातं, त्याहून बोभाटा जास्त करतं," असं त्या म्हणायच्या.

भंडारदऱ्याच्या सहलीत त्यांनी आम्हाला क्ष-किरणांची दुर्बीण शिकवली, तीही चपटा दगड घेऊन. सरळ मारला की दगड बुडतो, निसटता मारला की टप्पे घेत जातो. क्ष-किरणही आरशावर असे निसटतेच पडावे लागतात, नाहीतर आरशातच मुरतात. अर्धा वर्ग सेल्फी काढण्यात गुंग होता. बाईंचा दगड सगळ्यांत लांब गेला.

त्यांची हौस एकच होती: गावातल्या लोकांसमोर, मराठीतून, या विषयावर पूर्ण एक तास बोलायचं. आता आपल्याकडे व्यासपीठावर तासभर मिळणं म्हणजे काय, ते कार्यक्रमांना गेलेल्या कोणालाही विचारा. पाहुणे उशिरा येणार, मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. विज्ञान दिनाला बाईंना दरवर्षी बोलावत आणि दरवर्षी शाल-श्रीफळ देऊन वेळेअभावी खाली बसवत. "मला नारळ नको, तास द्या," हे त्यांनी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं होतं.

शेवटी निवृत्तीच्या कार्यक्रमात तास नक्की, असं प्राचार्यांनी कबूल केलं. बाईंनी महिनाभर तयारी केली. मी तेव्हा देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत शिकवत होते. रजा टाकून गेले. बाईंच्या गुणांवर झाडून सगळे बोलले. अध्यक्षांनी तर त्यांना ताऱ्यांशी बोलणारी माउली करून टाकलं. हे ऐकून घेऊन बाई उठल्या, तेव्हा मागे जेवणाची ताटं मांडली जात होती. त्यांनी दीर्घिकांच्या एका समूहाचं चित्र पडद्यावर आणलं. मधल्या कृष्णविवराने वायूत पाडलेल्या दोन पोकळ्या त्या दाखवणार, तेवढ्यात सूत्रसंचालकाने चिठ्ठी सरकवली: थोडक्यात.

बाईंनी ती वाचली, लॅपटॉप मिटला आणि सर्वांचे आभार मानले. अगदी छापील मराठीत. त्यात एकही 'हाय' नव्हता. बाहेर पडताना त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "तुझ्याकडे राहू दे. तुझ्या पोरांना दाखव," एवढंच म्हणाल्या.

मला आजही संताप येतो. जिने उभं आयुष्य एकेक किरण वेचण्यात घातलं, तिला आपण एक तास देऊ शकलो नाही. वर तिचं कौतुक केलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आणि जिलेबी खाल्ली.

पुढच्याच वर्षी बाई गेल्या. साधी कावीळ म्हणता म्हणता गेल्या. शोकसभा त्याच सभागृहात होती, व्यासपीठावर तेच अध्यक्ष आणि तोच सूत्रसंचालक. पुन्हा ती ताऱ्यांशी बोलणारी माउली. विद्यार्थ्यांच्या वतीने दोन शब्द बोलायला माझं नाव पुकारलं गेलं. मी पेनड्राइव्ह लावला आणि बाईंबद्दल एक अक्षरही न बोलता थेट त्यांच्या पहिल्या चित्रापासून सुरुवात केली. दगडाचे टप्पे सांगितले, तापलेला वायू सांगितला. लोक आधी एकमेकांकडे बघत होते, मग पडद्याकडे बघू लागले.

दीर्घिकांचा तो समूह पडद्यावर आला आणि माझ्यापुढे चिठ्ठी आली. अध्यक्ष घड्याळ बघत उठायच्या बेतात होते. मी चिठ्ठी न वाचताच उपडी ठेवली.

"बसा खाली," मी म्हणाले. "बाईंचा तास अजून संपला न्हाई."