उपस्थितांची यादी

माणगावहून एसटी सुटताना माझे वडील, आबा, खिडकीशी आले. आमचं पत्रे-सिमेंटचं दुकान, त्यामुळे निरोपही दुकानदाराचाच. "धंद्यात कुठेही जा, पण दुसऱ्या दुकानदाराच्या पोटावर पाय देऊ नकोस." गावातले चारही दुकानदार चहाला जमून भाव ठरवत. आम्ही त्याला शेजारधर्म म्हणायचो.

तो शेजारधर्म मी थेट ओमानला घेऊन आलो. सोहारच्या पत्र्यांच्या कारखान्यात माझ्याकडे आफ्रिकेचं सेल्स होतं. बायको आणि मुलगी मस्कतजवळ सीबला. पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदरगावी आम्हा चार पुरवठादारांची बैठक झाली. कुणी कुणापेक्षा स्वस्त विकायचं नाही, असं ठरलं. आणि मी काय करावं? हॉटेलवर येऊन त्या बैठकीची सुबक मिनिट्स टाइप केली, वर उपस्थितांची यादी घातली आणि सगळ्यांना मेल करून टाकली! गावकऱ्यांनो, हसा खुशाल. पण यात काही चुकतंय असं मला खरंच वाटलं नव्हतं.

पुढच्या फेरीत तिथल्या स्पर्धा आयोगाच्या, म्हणजे विक्रेते संगनमताने भाव ठरवत नाहीत ना हे बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, नीमाबाईंनी मला बोलावलं. कायदा नवा, ऑफिस दोन खोल्यांचं, गाडी एकच आणि तीही बहुधा गॅरेजमध्ये. बाई बसने बाजारोबाजार फिरून गवंड्यांना समजावत, सगळ्या दुकानांत एकाच दिवशी भाव चढला तर आम्हाला कळवा. कळवायला लोक आधी घाबरायचे, मग कळवू लागले. असलं चिवट काम मी आपल्याकडेही फारसं पाहिलेलं नाही.

टेबलावर माझीच मिनिट्स होती, मेलमधून फिरत तिथवर पोचलेली. बाईंनी आवाज चढवला नाही. यादीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "घर बांधणारा माणूस यात कुठे दिसत नाही. हे तुम्हीच लिहिलंत?"

'हो' म्हटलं तर नोकरी, व्हिसा, पोरीची शाळा, सगळंच टांगणीला. पण त्या बाईसमोर मला खोटं बोलवेना. हो म्हटलं.

सोहारला येऊन अर्बाबला, म्हणजे आमच्या मालकांना, सगळं सांगितलं. त्यांनी मिनिट्सचा कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "खलास, हे इथेच संपलं. त्यांना सगळं खरं सांगू. पण आफ्रिका आता तुझ्याकडे नाही."

नोकरी वाचली. आता मी डिस्पॅच बघतो. तिथला भाव उतरला आणि त्या बंदराला जाणारे आमचे कंटेनर वाढले. एकेक रवाना करताना मला नीमाबाईंची आठवण येते आणि त्यांचा फार अभिमान वाटतो, जणू माझ्याच घरातल्या आहेत.

हे सगळं मी आबांना फोनवर सांगितलं. वाटलं, चिडतील. पण त्यांनी आत्याचा विषय काढला. म्हणाले, "गावातली छपरं उडाली त्या वादळानंतर आम्ही चौघांनी पत्र्याचा भाव धरून ठेवला होता. तुझ्या आत्याने दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. तिने पत्रे मागितले नाहीत, मी विचारलं नाही."

इतकी वर्षं घर म्हटलं की मला आमचं दुकान आठवायचं, गल्ल्यावर बसलेले आबा आठवायचे. आता आत्याचं घर आठवतं. यंदा सुट्टीला आलो की आधी तिच्याकडे जाणार आहे, आबांना बरोबर घेऊन. आमच्या त्या चहाच्या बैठकीला खरं तर ती हवी होती.