टेबलाखालचे पाय

लंडनच्या एका स्टुडिओत मी साउंड बघते. दर रविवारी तिथे एक समालोचक यायचा, अमेरिकन फुटबॉलचा जुना खेळाडू. मॅच तिकडे अमेरिकेत चालायची, हा इथे स्क्रीनवर बघून बोलायचा. टीव्हीवर लोकांना त्याचा सूट आणि शांत चेहरा दिसे. मला मात्र टेबलाखालचे पाय दिसायचे. तिकडे खेळाडू वाकून सज्ज झाले, की ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांसकट याच्या टाचा उचलल्या जायच्या.

एकदा कार्यक्रम संपल्यावर मी त्याचा हेडफोन मागितला. मला घरी जायला हॅरोची ट्रेन गाठायची होती.

"थांब जरा," तो म्हणाला. "लोक अजून गेले नाहीत."

आमच्या दोघांच्या हेडफोनमध्ये येणारा तिकडच्या मैदानाचा आवाज मी चालू ठेवला. हळूहळू गलबला विरला, शेवटी नुसता वारा ऐकू येऊ लागला. टाचा अजून टेकल्या नव्हत्या.