सगळा दम

लॅपटॉपवरचा लढाईचा खेळ सुरू व्हायच्या आधी विचारतात, तुमचा माणूस कसा हवा? मोजके पॉइंट देतात आणि सांगतात, वाटा. ताकदीला किती, चिलखताला किती, जिवाला किती. माझी बाई ठरलेली आहे. डोक्यापासून पायापर्यंत लोखंड, हातात दाराएवढी ढाल, चाल म्हशीची. घरातून निघताना कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारी मी, खेळात तरी वेगळी कशी होणार?

दादाचं तसं नव्हतं. माझा हा थोरला भाऊ कबड्डीत चढाईला जायचा. नेकनूरला जयंतीच्या सामन्यांत, विहारामागच्या मैदानावर, तो 'कबड्डी, कबड्डी' घुमवत समोरच्यांत शिरला की बघणारेही श्वास रोखून बसायचे. एका दमात जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम सुटायच्या आत मधल्या रेघेला परत हात लावायचा. त्याचा दम सुटलेला गावात कुणी बघितला नव्हता. मग तो जिनिंगला लागला. सरकीपासून कापूस वेगळा करणारी यंत्रं, आणि दिवसभर हवेत तूस. नाकाला रुमाल बांधा म्हटलं की मालकाची जबाबदारी संपली. काही वर्षांनी दादा घरापासून बसस्टँडपर्यंत जाताना मधेच टेकायला लागला. पुढे घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि त्याच्या नाकात नळी.

मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. वहिनी कामाला बाहेर जायची, म्हणून दिवसभर त्याच्याजवळ मीच. यंत्राची घरघर ऐकत भिंतीकडे बघत बसलेला दादा मला बघवेना. एका दुपारी लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला. इंग्रजीशी त्याचं कधी जमलं नाही, म्हणून एकेक सांगत गेले. ही ताकद, हे चिलखत. स्टॅमिनापाशी अडले आणि तोंडातून निघून गेलं, "आन हा दम."

दादा सरळ होऊन बसला. "दम बी हाय व्हय ह्यात? मंग समदे त्यातच टाक."

"असं करत न्हाई कुनी. एका फटक्यात मरशील."

"धरलं तर मरील. धरू कोन देतंय?"

वैतागून टाकले सगळे. अंगात साधा सदरा, हातात सुरी, असा त्याचा गडी तयार झाला. तो गडी राक्षसांच्या गुहेत शिरायचा, एखाद्याला शिवावं तशी सुरी लावायचा आणि उंबऱ्याबाहेर पळून यायचा. परत आत, परत बाहेर. ज्या राक्षसांना मी ढालीआडून तासन् तास कुटत बसायचे, त्यांना दादानं हुलकावण्या देऊन लोळवलं. "लई जड हायत गं हे," म्हणायचा, "वळायलाच येळ लागतो." त्या दिवसांत तो हसायचा. मला त्याचा हेवा वाटायचा.

मग ध्यानात आलं की त्याचे ओठ हलतायत. गडी आत शिरला की दादा पुटपुटायला लागायचा, कबड्डी, कबड्डी, आणि गडी बाहेर येईपर्यंत श्वास घ्यायचा नाही. नाकात नळी, यंत्र चालू, आणि हा भला माणूस श्वास रोखून! नखं निळी दिसायला लागली तेव्हा मी ओरडले. भ्याले होते मी, पण भीती माझ्या तोंडातून रागासारखीच बाहेर पडते. त्याच्यासमोर सगळे पॉइंट दमातून काढले आणि चिलखतात टाकले. आता पळायचं नाही, म्हटलं, उभा राहा आणि मार.

त्यानं थोडा वेळ खेळून बघितलं. लोखंडी गडी खडखडत चालला, मार खात उभा राहिला, जिंकलासुद्धा. दादानं लॅपटॉप बाजूला सारला.

"ह्यो कोन हाय?"

"तूच की."

"मी न्हाई. ह्यो तू हायस."

त्यानंतर त्यानं खेळाला हात लावला नाही. परत भिंत. डॉक्टर म्हणायचे, त्यांना दम लागू देऊ नका. आम्ही म्हणायचो, दादा, दम धर. सगळ्यांच्या तोंडी तो एकच शब्द होता आणि ज्याचा दम तो गप्प बसून होता. शेवटी वहिनीच म्हणाली, "खेळू द्या ताई त्यांला. भिंतीकडं बघून कोन बरं झालंय?" मी चिलखत उतरवलं आणि सगळा दम परत दिला. काय परत देतेय ते मला कळत होतं. मला दादाचा राग आला, जिनिंगचा आला, वहिनी बरोबर बोलली याचाही आला.

थंडीपर्यंत तो खेळला. मग त्याच्या छातीत संसर्ग झाला. बीडच्या दवाखान्यात नेलं, तोंडावर मास्क चढला. शेवटच्या दिवशी नर्स म्हणाली, काहीतरी मागतायत वाटतं, बघा. मी वाकले. आवाज नव्हताच, पण मास्कच्या आत ओठ हलत होते, आणि ते काय म्हणतायत हे मला विचारावं लागलं नाही. दादा चढाईला गेला होता.

मी माझा हात उताणा करून त्याच्या बोटांपाशी ठेवला. "दादा, रेघ हितं हाय. शिव."

बोट सरकलं. फार हळू सरकलं. माझ्या तळव्याला लागलं तेव्हा ओठ हलत होते की थांबले होते, हे मला सांगता येत नाही, कारण मी हाताकडे बघत होते. वहिनीला मी सांगितलंय की दम सुटायच्या आत तो परत आला. मीही तसंच धरून चालते. एखाद्या दिवशी मात्र तेवढंही धरवत नाही.